गाडी सरळ का धावत नाही? आधी बुश बघा, स्वे बार नंतर

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून आमच्या गॅरेजात एक तक्रार वारंवार येते. "गावात गाडी मस्त चालते हो, पण समृद्धीवर शंभरच्या पुढे गेलं की तरंगायला लागते. स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं." गाड्या फार जुन्या नसतात. दोष मात्र त्यांच्यात आधीपासूनच असतो. शहरात चाळीस-पन्नासच्या वेगाने खड्डे चुकवत चालवताना आपले हात सतत हलत असतात, त्यात तो झाकला जातो. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. समोर नुसता सरळ काँक्रीटचा पट्टा. तिथे चाक जरा जरी आपल्या मनाने फिरलं तरी हातांना लगेच कळतं.

येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी उपायही ठरवलेला असतो: "जाडा स्वे बार टाकू या, गाडी रस्ता धरून चालेल." काही जण तो दुसरीकडे बसवूनच आलेले असतात आणि तक्रार जशीच्या तशी असते. हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आपल्या गाडीखाली पहिल्यांदा डोकावून बघायचंय त्यांच्यासाठी. सरळ रस्त्यावर स्वे बार (वळणावर गाडीला झुकू न देणारा दांडा) जवळपास झोपलेला असतो, बुश (सस्पेंशनच्या सांध्यांतली रबरं) मात्र सतत जागे असतात. म्हणून कामाला सुरुवात बुशपासून करायची.

आधी ओळख करून घ्या

स्वे बार, अँटी-रोल बार, स्टॅबिलायझर बार ही तिन्ही एकाच वस्तूची नावं. गॅरेजात त्याला बहुतेक ठिकाणी स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाचा, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला हा दांडा असतो. मधला भाग गाडीच्या चासीला किंवा सबफ्रेमला (चासीखालची सस्पेंशन धरणारी चौकट) दोन रबरी बुशमधून धरलेला. त्या बुशला आकारावरून डी बुश म्हणतात. दोन्ही टोकं लिंक रॉडने (छोट्या जोडदांड्यांनी) डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेंशनला जोडलेली.

ओला टॉवेल दोन हातांत आडवा धरा. दोन्ही मनगटं एकाच दिशेला फिरवली तर टॉवेल नुसता फिरतो. एक मनगट पुढे आणि एक मागे फिरवलं की त्याला पीळ बसतो. बारचं अगदी असंच आहे. दोन्ही चाकं एकदम वर आली, म्हणजे समजा गतिरोधकावर सरळ चढलात, तर बार बुशमध्ये नुसता फिरतो आणि काहीच करत नाही. वळणावर बाहेरचं चाक दबतं, आतलं सुटतं, तेव्हा बारला पीळ बसतो आणि तो गाडीला झुकू देत नाही. सपाट सरळ रस्त्यावर त्याला काम जवळजवळ नसतंच.

हे मी ऐकून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आवाज शोधण्यासाठी एका हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही लिंक काढल्या, बारची टोकं कशाला लागू नयेत म्हणून तारेने वर बांधली आणि रविवारी सकाळी वाळूजच्या कारखान्यांच्या मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने एक चक्कर मारली. सरळ जाताना बार सुटलाय हे सांगूनही पटलं नसतं. पहिल्या चौकात वळलो आणि गाडी बाहेरच्या बाजूला अशी कलली की शेजारी बसलेल्या पोराने दाराचं हँडल पकडलं. चाचणी म्हणून एवढं ठीक. लिंक काढून रोज गाडी चालवायची नाही, आणि वेगाने तर कधीच नाही.

आता बुश. दोन धातूंच्या मध्ये बसवलेलं रबर म्हणजे बुश. बहुतेक सस्पेंशन बुशमध्ये आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं असतं. पुढच्या प्रत्येक लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा आडवा हात) असे दोन असतात. साधारण हॅचबॅकमध्ये पुढचा लहान आणि कडक, मागचा मोठा आणि मऊ. मागचा मऊ असतो कारण खड्ड्याचा धक्का खाताना चाक थोडं मागे सरकावं, अशी आखणीच असते. तो मऊपणा मापात असेल तोवर ठीक. रबर फाटलं की ब्रेक मारताच चाक हवं त्यापेक्षा जास्त मागे जातं आणि ॲक्सिलरेटर दिला की पुढे येतं. अशा प्रत्येक सरकण्यासोबत चाकाचा कोन बदलतो. दोन बाजूंचे बुश सारखे झिजलेले नसतातच. मग गाडी ब्रेकला एकीकडे आणि पिकअपला दुसरीकडे ओढते.

मारुती ८०० ची गोष्ट

इथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे, कारण मी काम शिकलो ते याच गाडीवर. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनलेल्या मारुती ८०० मध्ये पुढचा बार दुहेरी काम करतो. लोअर आर्म एका बारीक दांड्यासारखा असतो, तो चाकाला डावी-उजवीकडे धरतो, पण पुढे-मागे धरू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बारच करतो. त्याचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबर, वायसर आणि वर नट. त्यामुळे या गाडीत बारचे बुश गेले की चाकच पुढे-मागे होऊ लागतं, कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) बदलतो आणि ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. इथे "बार सरळ रस्त्यावर झोपलेला असतो" हे वाक्य लागू नाही. ज्यांच्याकडे अजून ८०० आहे त्यांनी बारच्या टोकाचं ते रबर सगळ्यात आधी बघावं. छोटीशी वस्तू आहे, पण बदलली की गाडीचा स्वभावच बदलतो.

पायरी पहिली: गाडीखाली जाण्याआधी

चारही टायरची हवा थंड असताना तपासा. सांगायला इतकं साधं वाटतं, पण पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते आणि माणूस बुश बदलत बसतो.

मग टायरवर तळहात फिरवा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दातांसारखं लागलं, तर चाकं सरळ पुढे बघत नाहीत. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचा कोन, बिघडलाय. नुसती आतली कड घासली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) किंवा बुश.

टायरचाच दोष आहे का हे ओळखायला पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. तिथेच थांबा, पैसे वाचले.

पायरी दुसरी: रस्त्यावर ऐकणं आणि जाणवणं

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो. त्यामुळे डावीकडे किंचित ओढ प्रत्येक गाडीला असते. सपाट जागा निवडा, वर्दळ नसलेली वेळ निवडा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघा.

साठच्या वेगाने स्टिअरिंग हलक्या हाताने धरून गाडी नुसती जाऊ द्या. मग सौम्य ब्रेक. मग दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोराने पिकअप आणि लगेच पाय काढणं. नुसतं जाताना ओढत असेल, तर संशय टायर आणि अलाइनमेंटवर (चाकांच्या कोनांची जुळवणी). फक्त ब्रेकला ओढत असेल, तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा लोअर आर्मचा मागचा बुश. पिकअपला एका बाजूला जाते आणि पाय काढला की दुसऱ्या बाजूला एक झटका देते, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मला लोअर आर्मचे बुश सोडून दुसरं कारण क्वचितच सापडलंय. टर्बो पेट्रोल गाड्यांत डावा-उजवा ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) कमी-जास्त लांबीचा असेल तर नवी गाडीही जोराच्या पिकअपला थोडी ओढते. तेवढं धरून चाला.

लिंक रॉडचा आवाज वेगळा असतो. हळू वेगात, पेव्हर ब्लॉकवर किंवा उखडलेल्या डांबरावर टकटकटक असा हलका, कोरडा. मोठ्या गतिरोधकावर सरळ गेलात तर तो येतच नाही, कारण तिथे बारला काम नाही. तोच गतिरोधक तिरका, एकेक चाक चढवत ओलांडा, लगेच ऐकू येईल. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून मी हे करून दाखवतो, मग त्यांना शब्दांनी समजावावं लागत नाही.

मागच्या बाजूलाही लक्ष द्या. बहुतेक लहान हॅचबॅकमध्ये मागे वेगळा बार नसतो, डावी-उजवी चाकं जोडणारा बीमच पीळ खाऊन ते काम करतो. हा बीम चासीला दोन मोठ्या बुशवर लटकलेला असतो. त्यातला एक खचला की संपूर्ण बीम तिरपा होतो आणि गाडी तिरकी चालते: नाक सरळ, शेपूट बाजूला. स्टिअरिंग वाकडं धरल्याशिवाय ती सरळ जात नाही. मागून दुसऱ्या गाडीतून कोणाला तरी बघायला सांगा, डोळ्यांना दिसतं.

पायरी तिसरी: पहार आणि टॉर्च

आता गाडीखाली. सपाट, पक्की जमीन. हँडब्रेक ओढा, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून उटी (पाचर) लावा. जॅकने उचला, पण गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली हात घालू नका. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल याचा नेम नसतो. दगड-विटांचा थरही चालणार नाही, वीट दाबाने भुगा होते. स्टँड नसतील तर हे काम रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजात करून घ्या.

लिंक तपासताना नवखे एक चूक हमखास करतात: फक्त एकच चाक उचलतात. तसं केलं की बारला पीळ बसतो, लिंकवर ताण येतो आणि तिची ढिलाई लपते. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, दोन्ही लटकलेली किंवा दोन्ही रॅम्पवर टेकलेली. मग लिंक मुठीत धरून हलवा. चांगल्या लिंकचा बॉल जॉइंट घट्ट आणि जड फिरतो. गेलेली लिंक हातातच टकटक करते. तिचं रबरी बूट फाटलेलं असेल तर आज ना उद्या जाणारच.

डी बुश बघताना बार आणि रबर यांच्यामध्ये फट दिसते का ते पाहा. बार हाताने वर-खाली दाबा. बारवर बुशच्या जागी चकचकीत घासलेली खाच असेल, तर बार तिथे माती धरून फिरतोय.

लोअर आर्मसाठी पहार लागते, आमच्याकडे टामी म्हणतात. ती आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये घालून हलका जोर द्या. आर्म थोडा हलणार, रबर आहे ते. बघायचं आहे रबर फाटलंय का. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यांनी लगेच काही होत नाही. रबर नळीपासून सुटलं असेल, किंवा पहार लावताच लोखंड लोखंडाला टेकत असेल, तर बुश गेला. काही गाड्यांच्या मागच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे तेलकट ओघळ दिसला की तपास संपला.

एका शाळेतल्या सरांची गाडी आठवते. दुसरीकडे जाडा बार बसवून घेतला होता, तरी समृद्धीवर शंभरच्या पुढे त्यांना भीती वाटायची. गाडी रॅम्पवर घेतली आणि उजव्या लोअर आर्मला पहार लावली. मागच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटलेलं. पहारीला जोर दिला की करंगळीचं नख जाईल एवढी फट उघडायची, सोडली की मिटायची. सरांना खाली बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवलं. ते दोन-तीनदा स्वतः पहार दाबून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चाकच धरलेलं नाही, आणि मी वरून बार घट्ट करत होतो." अगदी तेच होतं. बुश आणि अलाइनमेंट झाल्यावर गाडी ठीक झाली. जाड्या बारचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

पायरी चौथी: बदलण्याचं काम

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रत्नागिरी, अलिबागकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेने इतका गंज असतो की दोन रात्री मारावा लागतो.

लिंक रॉडचा नट सोडताना आतला बॉलही फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की ची खाच किंवा पाना बसेल अशी सपाट जागा असते, ती धरून नट फिरवा. जुने लॉक नट परत वापरू नका. लिंक नेहमी दोन्ही बाजूंच्या जोडीने बदला.

डी बुश घेण्याआधी बारची जाडी व्हर्नियरने मोजा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत बार वेगळ्या जाडीचा असू शकतो. बुश मोठा आला तर आवाज आणि ढिलाई, लहान आला तर बार जाम. बुशची चीर जुन्याची ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवा. बार कपड्याने लख्ख पुसा. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि सडतं. सरकवायला अवघड जात असेल तर साबणाचं पाणी पुरे.

लोअर आर्मचा बुश काढायला-घालायला प्रेस लागतो. हातोडीने ठोकून बसवलेला बुश मी कितीतरी वेळा तिरका बसलेला पाहिलाय. घरी करणार असाल तर नव्या बुश आणि बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्म घेणं सोपं. नुसता बुश घालत असाल तर त्याच्या रबरातल्या मोकळ्या खाचा कुठल्या दिशेला होत्या ते काढण्याआधी रंगाने खूण करून ठेवा. त्या खाचांवरून बुश कोणत्या दिशेला मऊ राहणार हे ठरतं. बुश पाव वळसा फिरून बसला तर नवा असूनही गाडी चुकीची चालते.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे घट्ट करू नका. रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. बोल्ट घट्ट केला की आतली नळी सबफ्रेमला पकडली जाते आणि आर्म त्या क्षणी ज्या कोनात असेल तो रबराचा शून्य ठरतो. चाक खाली लटकलेलं असताना घट्ट केलं, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर चोवीस तास पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. माझ्या सुरुवातीच्या काळात मी असंच करायचो, कोणी सांगितलंच नव्हतं. एका गिऱ्हाइकाचे नवे बुश वर्षभरात फाटले. कंपनीचा माल खराब म्हणून मी ते बदलून दिले, तेही तसेच हवेत घट्ट करून. ते पुन्हा फाटले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या माणसाला तिसऱ्यांदा बुश फुकट घालून दिले.

म्हणून क्रम असा: बोल्ट हाताने बसेपर्यंत लावा, चाकं चढवा, गाडी रॅम्पवर किंवा जाड फळ्यांवर चारही चाकांवर उभी करा, बोनेट दाबून दोन-चार हेलकावे द्या, एक-दोन फूट पुढे-मागे ढकला आणि मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून घट्ट करणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट घट्ट करा. जमिनीवर जागा नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून नुकती उचलली जाईल इतका वर घ्या, तोही कोन जवळपास तोच.

पायरी पाचवी: अलाइनमेंट

आर्म सुटला की अलाइनमेंट बिघडतंच. बुश बदलल्यावर करायचं, आधी केलेलं वाया जातं. फाटक्या बुशवर केलेलं अलाइनमेंट मशीनवर हिरवं दिसतं आणि पहिल्या ब्रेकला बदलतं. चारही चाकांचं करून घ्या आणि छापील कागद मागा. त्यावर थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी आहेत तो कोन) बघा. तो शून्यापासून बराच लांब असेल, तर मागच्या बीमकडे परत जावं लागेल.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का?

रबरापेक्षा कडक, रंगीत, दिसायला छान. डी बुशच्या जागी ते चांगले काम करतात, कारण तिथे बारला फक्त फिरायचं असतं. सोबत येणारं सिलिकॉनचं ग्रीस लावलं नाही तर मात्र दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. लोअर आर्मच्या मागच्या बुशच्या जागी मी रोजच्या गाडीत ते घालत नाही. तिथल्या रबराला पीळ, पुढे-मागे आणि तिरपं, तिन्ही सोसावं लागतं. कडक बुश त्यातल्या एखाद्या हालचालीला अडतो आणि काँक्रीटच्या प्रत्येक जोडाचा ठोका थेट तुमच्या पायापर्यंत येतो.

मग जाडा बार कधी?

बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा घातला तर वाढ फक्त २ मिलिमीटरची, पण बार जवळपास ४६ टक्के कडक होतो. २४ चा घातला तर दुप्पट. घाटात गाडी कमी कलावी हा हेतू असेल, तर हा फरक नक्की जाणवतो. सरळ रस्त्यावर त्याचा फायदा नाही, उलट एक तोटा आहे. डावं चाक खड्ड्यात गेलं की पिळाने उजवंही ओढलं जातं आणि गाडीचं अंग डावी-उजवीकडे डुलतं. घराच्या उतारावरून तिरकी बाहेर काढताना एक चाक हवेसारखं हलकं होऊन जागेवर फिरतं तेही यामुळेच.

जागेवरून सुटणाऱ्या गाडीचं काय?

काही तरुण मुलं खास याच प्रश्नासाठी येतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, तिथे किंवा अशाच बंद जागेत उतरायचं असतं. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, सगळं सरळ. (रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. मी त्यासाठी गाडी तयार करून देत नाही.)

इथे गाडी कुठल्या चाकांवर चालते यावर सगळं ठरतं. पुढच्या चाकांवरची हॅचबॅक घ्या. ११०० किलोची गाडी ०.४ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट प्रवेगाने) सुटली, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५ सेंटिमीटर असेल, तर साधारण १०० किलो भार पुढून मागे जातो, म्हणजे नेमका चालवणाऱ्या चाकांवरून उठतो. कुठलाही बार हा आकडा बदलत नाही. तो फक्त वजन, उंची, व्हीलबेस आणि वेग पकडण्यावर ठरतो. अशा गाडीत सुटताना थडथड होऊन चाकं उडत असतील, तर लोअर आर्मचे बुश आणि इंजिन माउंटिंग (इंजिन धरणारे रबरी टेकू) बघा. टायर पकडतो, बुश ताणला जातो, टायर सुटतो, बुश परत येतो, असं सेकंदाला कितीतरी वेळा चालतं आणि मार ड्राइव्ह शाफ्टवर बसतो.

मागच्या चाकांवर चालणारी आणि मागे अखंड हाउसिंग (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध ॲक्सल) असलेली गाडी, आपल्याकडची बोलेरो किंवा अमेरिकेतली २०१४ पर्यंतची फोर्ड मस्टँग, इथे मात्र बार खरोखर जागा होतो. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) हाउसिंगला स्वतःभोवती पिळायला बघतो. मागून पाहिलं तर डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. समजा इंजिनचा टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि पहिला गिअर ४ पट, तर शाफ्टवर ८०० येतो. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर उजव्या चाकावरचा भार सुमारे ५४ किलोने कमी होतो आणि डाव्यावर तेवढाच वाढतो. साधं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) असेल तर उजवं चाक जागेवर फिरतं आणि गाडी पुढे जात नाही. त्याच वेळी इंजिन स्वतः उलट्या दिशेला ढकललं जातं आणि गाडीचं अंग उजवीकडे कलतं. मागे कडक बार असेल तर हे कलणं त्या हलक्या झालेल्या उजव्या चाकावरच दाब म्हणून परत येतं आणि दोन्ही चाकं सारखी पकडतात. म्हणून अमेरिकेतल्या ड्रॅगच्या गाड्यांना मागे भक्कम बार असतो आणि पुढचा बहुतेक वेळा काढलेला असतो. पुढे बार नसला की अंगाच्या कलण्याचा दाब जास्तीत जास्त मागच्या हाउसिंगवर येतो.

अशी गाडी असेल आणि लांबी बदलता येणाऱ्या लिंक लावल्या असतील, तर जुळवणी अशी करा. सपाट फरशीवर गाडी चारही चाकांवर उभी करा, चालकाच्या जागी तेवढ्याच वजनाचा माणूस बसवा, टाकीत शर्यतीला असेल तेवढंच पेट्रोल ठेवा. एक लिंक पक्की करा. दुसरीची लांबी अशी करा की बोल्ट दोन बोटांनी आत सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर बारमध्ये आधीच पीळ आहे, चारही चाकांवरचा भार कमी-जास्त आहे आणि ब्रेकला गाडी वाकडी जाईल. ड्रॅगवाले उजव्या मागच्या चाकावर मुद्दाम थोडा पीळ ठेवतात, पण ते सवय झाल्यावर, अर्ध्या-अर्ध्या फेरीने आणि प्रत्येक धावेनंतर लिहून ठेवून. पहिल्या दिवशी शून्यावरच सुटा.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरने सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. तपासलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून सबफ्रेमवर येईल अशी पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी टॉर्च मारली की बोल्ट फिरलाय की नाही ते रेघेवरून दिसेल.